सारथ्यावाचून शर्यत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागात मोहावी नावाचे विस्तीर्ण वाळवंट पसरलेले आहे. वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पण मोहावीत वाळूपेक्षा दगड, खडी आणि उन्हाने टणक झालेली माती यांचाच भरणा अधिक आहे. मधूनमधून कोरडी पडलेली सरोवरे लागतात. त्यांचे तळ अंगणासारखे सपाट असतात. त्यांच्या पलीकडे उघडेबोडके डोंगर उभे असतात, आणि त्या डोंगरांतून वाट काढीत जाणारे कच्चे रस्ते कोठे खुरट्या झुडुपांत तर कोठे खडकांत नाहीसे होतात.

८ ऑक्टोबर २००५ या दिवशी भल्या सकाळी या वाळवंटातील प्रिम नावाच्या लहानशा गावाजवळ २३ वाहने शर्यतीसाठी सज्ज झाली होती. त्यांत लहान मोटारी होत्या, लष्करी गाड्या होत्या, एक अवजड मालमोटारही होती. २१२ किलोमीटरांची वाट १० तासांच्या आत तोडावयाची होती. वाटेत १०० हून अधिक अवघड वळणे होती, तीन अरुंद बोगदे होते, आणि अखेरीस एका बाजूला खोल दरी असलेली घाटातील वाट होती. वाळवंटातील मोटारशर्यती अमेरिकेत नव्या नाहीत. परंतु या शर्यतीत एक गोष्ट अगदी निराळी होती. २३ वाहनांपैकी एकातही चालक बसलेला नव्हता.

दूर बसून कोणी ती वाहने चालविणार होते असेही नाही. वाहन एकदा सुटले की त्याला हात लावावयाचा नाही, त्याला कोणताही संदेश पाठवावयाचा नाही, असा नियमच होता. प्रत्येक वाहनामागून पंचांची एक गाडी जाणार होती आणि धोका दिसल्यास त्या वाहनाला थांबविण्याची कळ तेवढी पंचांच्या हाती होती. बाकी सर्व वाहनाने आपले आपण करावयाचे. वाट कोठे आहे, समोरचा काळा ठिपका म्हणजे दगड आहे की सावली, वेग केव्हा वाढवावा आणि केव्हा आवरावा, हे ठरविण्याचे काम त्याच्या पोटातील संगणकांवर सोपविलेले होते.

ही शर्यत भरविणारी संस्था म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याची ‘डार्पा’ ही संशोधनसंस्था. रणभूमीवर रसद वाहून नेणाऱ्या गाड्यांवर हल्ले होतात आणि चालक प्राणास मुकतात. म्हणून २०१५ पर्यंत लष्कराच्या जमिनीवरील लढाऊ वाहनांपैकी एकतृतीयांश वाहने चालकावाचून चालावीत, असे ध्येय अमेरिकेच्या कायदेमंडळाने ठरवून दिले होते. नेहमीच्या मार्गाने हे काम लवकर होण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा डार्पाने एक मोठे पारितोषिक लावले आणि ज्याला कोणाला प्रयत्न करावयाचा असेल त्याने करावा असे जाहीर केले.

पहिली शर्यत १३ मार्च २००४ रोजी याच मोहावी वाळवंटात झाली. पारितोषिक १० लाख डॉलरांचे होते. विद्यापीठांचे संशोधक आले, हौशी यंत्रज्ञ आले, इतकेच काय, कॅलिफोर्नियातील एका हायस्कूलचे विद्यार्थीही आपले वाहन घेऊन आले. १५ वाहने प्रारंभरेषेवर उभी राहिली. त्यानंतर जे घडले ते पाहून बघ्यांना हसू आवरले नसेल. पण ज्यांनी रात्रीचा दिवस करून ती वाहने बांधली होती त्यांना काय वाटले असेल याची कल्पनाच केलेली बरी. विद्यार्थ्यांची गाडी सुटताक्षणीच भिंतीवर आदळली. एक वाहन एक किलोमीटरही न जाता तारेच्या वेटोळ्यात गुरफटून गेले. चालकावाचून धावणारी एक मोटारसायकल तर सुरू होताच आडवी झाली, कारण तिचा तोल सांभाळणारे यंत्र चालू करण्याचेच तिच्या निर्मात्यांच्या घाईगर्दीत राहून गेले होते! प्रचंड मालमोटारीला वाटेच्या कडेची झुडुपे दिसली. त्यांना अडथळे समजून ती पुनःपुन्हा मागे सरू लागली आणि दोन किलोमीटरांच्या आतच तिची शर्यत संपली. सर्वांत दूर गेली ती कार्नेगी मेलन विद्यापीठाची ‘सँडस्टॉर्म’ ही गाडी. प्राध्यापक विल्यम व्हिटेकर यांच्या ‘रेड टीम’ने एका जुन्या लष्करी गाडीतून ती तयार केली होती. डोंगरातील एका तीव्र वळणावर ती मातीच्या बांधावर चढून अडकली. पुढची चाके जागच्या जागी गरगरत राहिली आणि त्यांचे रबर पेटले. तोवर ती जेमतेम १२ किलोमीटर गेली होती. एकूण वाट सुमारे २२८ किलोमीटरांची होती. पारितोषिक कोणालाच मिळाले नाही.

डार्पाने पारितोषिक दुप्पट केले, म्हणजे २० लाख डॉलर, आणि पुढील वर्षी पुन्हा शर्यत होईल असे सांगितले.

जुलै २००४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक संघ या कामाला लागला. सेबास्टियन थ्रुन हे त्याचे प्रमुख. ते मूळचे जर्मनीचे. विशेष असे की, स्टॅनफर्डला येण्यापूर्वी ते कार्नेगी मेलनमध्येच अध्यापक होते, आणि आता आपल्या जुन्या सहकाऱ्यांशीच त्यांचा सामना होता. फोक्सवागेन कारखान्याने एक मोटार दिली. तिचे सुकाणू, गतिरोधक आणि वेग हे सारे संगणकाच्या आज्ञेत राहील अशी रचना त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी केली. गाडीचे नाव ‘स्टॅनली’ ठेवण्यात आले. गाडीच्या धातूवर किंवा इंजिनावर फारसा खल करावयाचा नाही, सारा भर तिच्या बुद्धीवर, म्हणजे संगणकाला द्यावयाच्या सूचनांवर ठेवावयाचा, असे थ्रुन यांच्या संघाने ठरविले.

आता यंत्राला ‘दिसते’ म्हणजे काय होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. स्टॅनलीच्या टपावर लेसर किरण सोडणारी पाच उपकरणे बसविली होती. कड्यासमोर उभे राहून हाक मारली असता प्रतिध्वनी ऐकू येतो. कडा जितका दूर तितका तो उशिरा येतो. लेसरच्या उपकरणाचे काम याच तत्त्वावर चालते, मात्र तेथे आवाजाऐवजी प्रकाश असतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असल्यामुळे किरण जाऊन परत येण्याचा काळ अत्यल्प असतो. तोही मोजून उपकरण समोरील वस्तू किती अंतरावर आहे ते सांगते. पाचही उपकरणे पुढे, पण थोड्याथोड्या निराळ्या उतारात रोखलेली होती. गाडी पुढे सरके तसतसे त्यांचे किरण जमिनीवरून फिरत, आणि पुढच्या सुमारे २५ मीटर जमिनीचे उंचसखल चित्र संगणकात तयार होई. जवळजवळच्या दोन बिंदूंच्या उंचीत १५ सेंटिमीटरांहून अधिक फरक आढळला तर तेथे अडथळा आहे असे समजावयाचे, असा साधा नियम होता.

नियम साधा होता. पण त्यातच सारी अडचण दडलेली होती. गाडी खडबडीत वाटेवर धावत असते, ती सारखी हिंदकळते. आपला कल त्या क्षणी नेमका किती आहे याचा गाडीचा अंदाज अर्ध्या अंशाने जरी चुकला, तरी २५ मीटर अंतरावरील बिंदूच्या उंचीत सुमारे २२ सेंटिमीटरांची चूक होते. म्हणजे तेथे काहीच नसताना गाडीला धोंडा दिसणार! स्टॅनलीचे प्रारंभी असेच होई. स्वच्छ मोकळ्या वाटेवर ती एकाएकी बावचळे, नसलेला अडथळा चुकविण्यासाठी बाजूला वळे. निर्वेध जमिनीपैकी सुमारे १२.६ टक्के जमीन तिला अडथळ्यांनी भरलेली वाटत होती. अंधारात दोरीला साप समजणाऱ्या माणसासारखी तिची अवस्था होती.

नियमातील १५ सेंटिमीटरांचा आकडा वाढवावा, तर खरे धोंडे दिसेनासे झाले असते. थ्रुन आणि त्यांचे सहकारी मायकेल मॉन्टेमर्लो यांनी निराळाच मार्ग धरला. प्रत्येक मापावर डोळे मिटून विश्वास ठेवावयाचा नाही. हे माप किती जुने आहे, तेव्हा गाडी किती हलत होती, म्हणून यात चूक असण्याचा संभव किती, याचाही हिशेब यंत्राने ठेवावयाचा. पण हा हिशेब नेमका कसा बसवावा? त्यासाठी त्यांनी माणसालाच गुरू केले. एक मनुष्य स्टॅनलीत बसून ती वाळवंटातून चालवी. ज्या जमिनीवरून त्याने गाडी नेली ती अर्थातच जाण्याजोगी. त्या जमिनीवर यंत्राला अडथळा दिसला असेल तर ती यंत्राची चूक. अशा हजारो उदाहरणांवरून संगणक आपल्या चुका आपण सुधारीत गेला. पूर्वी १२.६ टक्के असलेली चूक ०.००२ टक्क्यांवर आली. पन्नास हजारांत एक!

आणखी एक प्रश्न उरला होता. २५ मीटरपर्यंतच दिसत असेल तर ताशी ४० किलोमीटरांहून अधिक वेग ठेवणे धोक्याचे होते; कारण पुढे अडथळा आला तर थांबावयास जागाच उरत नाही. त्यासाठी टपावर रंगीत चित्रे टिपणारा एक कॅमेरा बसविला. कॅमेऱ्याला दूरचे दिसते खरे, पण चित्रातील रस्ता कोणता हे त्याला कोण सांगणार? वाळवंटात रस्त्याचा रंग ठरलेला नसतो. तो कोठे करडा, कोठे तांबूस. सकाळी एक, तर दुपारी दुसरा. यावर काढलेली युक्ती मोठी मार्मिक होती. गाडीच्या अगदी पुढची जमीन सुरक्षित आहे, अशी लेसर किरणांची ग्वाही मिळाली की कॅमेऱ्याने त्या जमिनीचा रंग लक्षात ठेवावयाचा, आणि तोच रंग पुढे कोठवर पसरला आहे ते पाहावयाचे. रस्त्याचा रंग बदलला की ही शिकवणीही आपोआप बदले. अशा रीतीने स्टॅनलीची नजर सुमारे ७० मीटरपर्यंत पोहोचली. वेगाच्या बाबतीतही तिला माणसाचेच वळण लावले होते: धक्के जोराने बसू लागले की वेग कमी करावयाचा, आणि वाट सुधारली की तो हळूहळू पूर्ववत आणावयाचा.

कार्नेगी मेलनच्या रेड टीमची रीत अगदी वेगळी होती. ती चुकीची होती असे मात्र नव्हे. त्यांनी या वेळी दोन गाड्या आणल्या होत्या: जुनी सँडस्टॉर्म आणि नवी ‘हायलँडर’. शर्यतीची वाट कोणालाही आधी सांगितलेली नव्हती. सुटण्यापूर्वी केवळ दोन तास प्रत्येक संघाला जवळजवळ ३००० बिंदूंची यादी मिळाली, आणि या बिंदूंना जोडीत गाडीने जावयाचे होते. उपग्रहांच्या साहाय्याने गाडीला आपण कोठे आहोत ते समजते. पण वाटेत पडलेल्या धोंड्याची खबर उपग्रह देत नाहीत. यादी हाती पडताच व्हिटेकर यांचे सहकारी नकाशांवर आणि आकाशातून टिपलेल्या चित्रांवर तुटून पडले. कोठे चढ आहे, कोठे वळण आहे, कोठे किती वेग ठेवावा, हे सारे त्यांनी त्या दोन तासांत ठरवून गाड्यांना शिकविले. सँडस्टॉर्मने सावधपणे जावे आणि हायलँडरने जोरात, अशी त्यांची योजना होती. म्हणजे एक संघ माणसाच्या पूर्वतयारीवर विसंबला होता आणि दुसरा गाडीच्या प्रसंगावधानावर.

पाच-पाच मिनिटांच्या अंतराने गाड्या सुटल्या. अग्रभागी हायलँडर, तिच्यामागे स्टॅनली, आणि तिसरी सँडस्टॉर्म. एकदा गाड्या धुळीच्या लोटात दिसेनाशा झाल्या की दोन्ही संघांना करण्याजोगे काहीच उरले नाही. पडद्यावर सरकणारे ठिपके पाहत बसणे एवढेच त्यांच्या हाती होते. ज्याने आयुष्यात कधी परीक्षेच्या निकालाची वाट पाहिली आहे त्याला त्या संशोधकांची मनःस्थिती सांगावयास नको.

प्रथम हायलँडरने चांगलीच आघाडी घेतली. परंतु पुढे तिला काय झाले कोणास ठाऊक! चढ लागला की ती अडखळू लागली. संगणक वेग मागत होता आणि इंजिन तो देत नव्हते. मागून स्टॅनली जवळ येऊ लागली. इतकी जवळ, की अंतर राखण्यासाठी पंचांना तिला दोनदा थांबवून ठेवावे लागले. स्टॅनलीची वाटचालही अगदी निष्कंटक नव्हती. शर्यतीनंतर तिच्या नोंदी तपासल्या तेव्हा असे आढळले की, काही ठिकाणी लेसरची माहिती संगणकाकडे क्षणभर उशिरा पोहोचली होती. तिला पुन्हा नसलेले अडथळे दिसू लागले होते आणि ती वाटेच्या कडेला सरकली होती. सुदैवाने प्रत्येक वेळी ती आपली आपण सावरली. शर्यत सुरू होऊन पाच तास उलटून गेल्यावर अखेर पंचांनी हायलँडरलाच थांबविले आणि स्टॅनलीला पुढे जाऊ दिले. चालकावाचून धावणाऱ्या एका गाडीने दुसरीला मागे टाकले होते.

शेवटची कसोटी म्हणजे ‘बिअर बॉटल पास’ नावाची घाटातील वाट. ती इतकी अरुंद होती की जेमतेम एक गाडी मावावी. एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. येथे एखादे चाक हातभर चुकले असते तर सव्वा वर्षाची मेहनत दरीत गेली असती. स्टॅनलीने वेग कमी केला, एकेक वळण घेत ती खाली उतरली आणि सपाटीवर आली. ६ तास ५४ मिनिटांत तिने २१२ किलोमीटरांची वाट पुरी केली होती. सरासरी वेग ताशी ३१ किलोमीटरांहूनही थोडा कमीच. सामान्य मोटारचालकाला तो हास्यास्पद वाटेल. पण दीड वर्षापूर्वी कोणतीच गाडी १२ किलोमीटरांच्या पुढे गेली नव्हती हे विसरता येत नाही.

सुमारे ११ मिनिटांच्या फरकाने सँडस्टॉर्म दुसरी आली. तिच्यासाठी आखलेला वेळ तिने जवळजवळ मिनिटामिनिटाने पाळला होता. तिच्यानंतर हायलँडर आली. चौथी गाडी लुइझियाना राज्यातील एका विमा कंपनीच्या संघाची होती. त्या संघाची कहाणी स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. शर्यतीला जेमतेम सहा आठवडे उरले असताना ‘कॅटरिना’ नावाच्या चक्रीवादळाने त्यांच्या मुलखाची धूळधाण उडविली. तशाही स्थितीत त्यांनी काम तडीस नेले, आणि त्या वादळाची आठवण म्हणून गाडीला ‘कॅट-५’ असे नाव दिले. साडेसात तासांत ती परत आली. पाचवी होती ती मागील वर्षी झुडुपांना भ्यालेली अवजड मालमोटार. तिला रात्रीने गाठले. पंचांनी तिला अंधारात जागच्या जागी उभे केले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती पुन्हा चालू लागून मुक्कामी पोहोचली. थांबण्याचा काळ वगळूनही तिला १२ तास ५१ मिनिटे लागली, म्हणजे ती मुदतीत बसली नाही. उरलेल्या १८ वाहनांना वाट पुरी करता आली नाही. पण त्यांपैकी एकीचा अपवाद सोडला तर सर्वांनी मागील वर्षीचे १२ किलोमीटर मागे टाकले होते.

२० लाख डॉलरांचे पारितोषिक स्टॅनफर्डच्या संघाला मिळाले. स्टॅनली पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयात ठेवण्यात आली. २००७ मध्ये डार्पाने शहरातील रस्त्यांसारख्या रस्त्यांवर अशीच तिसरी शर्यत भरविली, तेव्हा कार्नेगी मेलनची गाडी पहिली आली आणि स्टॅनफर्डची दुसरी. २००९ मध्ये गूगल कंपनीने रस्त्यांवर स्वयंचलित मोटारी चालविण्याचे काम हाती घेतले, ते थ्रुन यांच्याच नेतृत्वाखाली. आणि या शर्यतींत परस्परांशी झुंजलेल्या दोन्ही विद्यापीठांतील अनेक तरुण तेथे एकत्र काम करू लागले.

हायलँडरला त्या दिवशी झाले तरी काय, हे कोडे मात्र बारा वर्षे सुटले नाही. शर्यतीपूर्वी काही आठवडे सरावात ती गाडी उलटली होती. ती दुरुस्त करून, रंगरंगोटी करून शर्यतीत उतरविली होती. शर्यतीनंतर तिचे इंजिन तपासले, पण त्यात दोष सापडला नाही. २०१७ मध्ये जुनी मंडळी पुन्हा एकत्र जमली आणि त्यांनी त्या गाडीचे इंजिन चालू केले. तेव्हा एकाचा हात इंधनाच्या नियंत्रणाशी जोडलेल्या एका लहानशा विद्युत-उपकरणाला सहज लागला आणि इंजिन बंद पडू लागले. हात काढला की ते पूर्ववत चाले. गाडी उलटली त्या वेळीच बहुधा त्या उपकरणाला इजा झाली होती. टपावरच्या सगळ्या डोळ्यांना पुढचा रस्ता दिसत होता. इंजिनाच्या आत डोकावणारा डोळा मात्र कोणीच बसविला नव्हता.